बँकेनं कापलेले चार्जेस परत मागितलेत का कधी? अडचणीच्या दिवसांतले अनुभव लिहा

मानेवाडा_ताई

आज सकाळी पासबुक छापायला गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक काका होते, साठीच्या पुढचे. छापलेलं पासबुक त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बाई, हे ५९० काहून कापले?" ती म्हणाली, "चार्जेस आहेत काका." काका "बरं" म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले. माझ्या पोटात कालवलं. ५९० हा आकडा मी झोपेतही ओळखते. पाचशे, आणि वर अठरा टक्के जीएसटी.

२०१९ साल. ह्यांची नागपूरजवळच्या बुटीबोरीतली कंपनी बंद पडली. पगाराचं खातं होतं, त्यात कधी मिनिमम बॅलन्स ठेवायची गरज पडली नव्हती. सलग तीन महिने पगार आला नाही की ते खातं साधं बचत खातं होतं आणि दंड सुरू होतो, हे आम्हाला पासबुकातूनच कळलं. त्यात गाडीचा हप्ता ५ तारखेचा. खात्यात दोनशे रुपये कमी असले तरी हप्ता परत जायचा आणि ५९० गेलेच म्हणून समजा. एकदा शेजारच्या काकूंकडून हजार उसने आणून भरले, तर आधीचे राहिलेले ५९० बँकेनं त्यातूनच वळते केले आणि हप्ता पुन्हा परत गेला. काकूंना काय सांगू, कळेना.

चार महिन्यांचा हिशोब मी मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. हप्ता पाच वेळा परत, २,९५०. मिनिमम बॅलन्सचे तीन वेळा ३५४, म्हणजे १,०६२. एकूण ४,०१२. त्याच वहीत त्याच्या स्कूलबसचे थकलेले पैसे पण लिहिले होते.

दोनदा बँकेच्या दारातून परत आले. आपले पैसे आपणच मागायचे, तरी भीक मागितल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्यांदा गेले ती मराठीत अर्ज लिहून, कंपनीचं पत्र जोडून. मॅनेजर मॅडमनी पूर्ण वाचला. म्हणाल्या, "बसा. मिनिमम बॅलन्सचे सगळे परत करते, हप्त्याचे दोन माझ्या अधिकारात होतील." आठ दिवसांनी २,२४२ जमा झाले. सगळ्यात आधी स्कूलबसची फी भरली.

तुम्ही मागितले होते का? मिळाले असो की नसो, लिहा. त्या काकांच्या मागे धावत जायला हवं होतं मी. राहून गेलं.

हिंगणा_रोड

ताई वाचून गलबलून आलं. आमच्या घरी पण तेच दिवस होते, फक्त वर्ष वेगळं. बुटीबोरीला कामाला जाणाऱ्यांच्या बसमध्ये माझे मामा पण होते बहुतेक, सकाळी पावणेसहाची. दादांना आता काम आहे ना?

मानेवाडा_ताई

हो, आता कळमन्याला एका आडतीत हिशोब पाहतात. बरं चाललंय.

निवृत्त_कॅशियर

३४ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, म्हणून लिहितो. मिनिमम बॅलन्सच्या दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक २० नोव्हेंबर २०१४ चं आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात स्पष्ट आहे की शिल्लक कमी झाली तर बँकेनं आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, किमान एक महिना मुदत द्यायची आणि दंड जितकी रक्कम कमी त्या प्रमाणातच घ्यायचा. निव्वळ या दंडामुळे बचत खातं उणे करता येत नाही. हप्ता परत गेल्याचा चार्ज वेगळा, त्याला हा नियम लागत नाही. म्हणून अर्जात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, ताईंनी लिहिले तसे.

काउंटरवरच्या माणसाला चार्ज परत करायचा अधिकार नसतो. तो शाखा व्यवस्थापकाला एका मर्यादेपर्यंत असतो, त्यावरचा वरच्या कार्यालयाला. म्हणून काउंटरवर "नाही होत" ऐकून परत जाऊ नका. मी स्वतः कित्येकांना "नाही होत" म्हटलं आहे, कारण माझ्या हातात खरंच नव्हतं. पण आत जाऊन साहेबांना भेटा, एवढं एक वाक्य मी प्रत्येकाला सांगायला हवं होतं. ते मी सगळ्यांना सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

नंदनवन_रायडर

मी सध्या यातच अडकून आहो. डिलिव्हरीचं काम करतो. डेंगू झाला, वीस दिवस गाडी उभी. बाइकचा हप्ता दोनदा परत गेला. खातं मायनस ११८०. आता आठवड्याचं पेमेंट आलं की त्यातूनच कापून राहिले. पेट्रोल कशातून टाकू? चॅटवर विचारलं तर "चार्जेस नियमानुसार आहेत" एवढंच येऊन राहिलं.

गोकुळपेठ_गृहिणी

अरे भाऊ आधी तब्येत सांभाळ. प्लेटलेट्स किती आहेत? पपईच्या पानांचा रस घे, आमच्या भाच्याला दिला होता.

धंतोली_नर्स

रस वगैरे डॉक्टरांना विचारूनच. पाणी, ओआरएस भरपूर घे आणि अंगावर लाल ठिपके, पोटात दुखणं असं काही दिसलं तर लगेच मेडिकल हॉस्पिटलला जा. आणि वीस दिवस आजारी होतास त्याचे रिपोर्ट फेकू नकोस, अर्जाला तेच लागतील.

अंबाझरीवाला

२३ सप्टेंबर २०२३. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना तारीख सांगायची गरज नाही. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्तीत. माझा पोह्यांचा ठेला, शेगडी, गंज-पातेली, सगळं वाहून गेलं. दोन दिवसांनी एक पातेलं सापडलं, गाळानं भरलेलं. सरकारनं ठेलेवाल्यांना दहा हजार जाहीर केले होते. पंचनामा झाला, पैसे खात्यात आले आणि मेसेज पाहतो तर बाराशेच्या आसपास आधीच कापलेले. धंदा बंद होता, बॅलन्स कुठून राहणार?

माझा राग अनावर झाला, बँकेत जाऊन आवाज चढवला. तेव्हा काही झालं नाही. बायको म्हणाली मी जाते. ती पंचनाम्याची झेरॉक्स, गाळ भरलेल्या पातेल्याचा फोटो आणि पासबुक घेऊन गेली. शांतपणे म्हणाली, "साहेब, हे पैसे पुरात वाहून गेलेल्या ठेल्याचे आहेत, यातून शेगडी घ्यायची आहे." सगळे परत मिळाले. ते पातेलं आजही वापरात आहे, तर्री त्यातच होते.

हिंगणा_रोड

भाऊ ठेला कुठं आहे आता? रविवारी येतो.

अंबाझरीवाला

तिथंच, पण रस्त्याच्या उंच बाजूला. सकाळी सात ते साडेदहा. तर्री संपली की बंद. या नक्की.

काटोलची_लेक

आम्हाला नाही मिळाले. आमचं जुनं बचत खातं होतं, संत्र्याचे पैसे त्यात यायचे. बागेवर रोग आला आणि दोन हंगाम गेले, खात्यात काही व्यवहारच नव्हते. बाबा गेले तेव्हा वारसाचे कागद करायला गेलो तर दंड कापून कापून शिल्लक शून्यावर आलेली. बाबा असताना मी म्हणाले होते, आपण बोलू बँकेत. ते म्हणाले, "आपण कोणाचे लागतो का? हात पसरायचा नाही." त्यांचा तो शब्द मोडायला मला जमलं नाही. नंतर अर्ज दिला तर म्हणाले जुनं झालं.

निवृत्त_कॅशियर

ताई, बाबांना नमस्कार. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरतात आणि अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड घेता येत नाही. १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात हे आहे, १ एप्रिल २०२४ पासून लागू. ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. तुमच्या स्टेटमेंटमधल्या तारखा एकदा तपासा.

काटोलची_लेक

शेवटचे दोन दंड मे आणि जून २०२४ चे आहेत काका. आत्ता ट्रंकेतून पासबुक काढून पाहिलं. शेवटचा व्यवहार २०२१ चा.

निवृत्त_कॅशियर

मग त्या दोनसाठी नव्यानं अर्ज द्या, परिपत्रकाची तारीख लिहून. रक्कम लहान असेल, तरी द्या.

सक्करदरा_मास्तर

लॉकडाऊनमधलं आठवलं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. मी खाजगी शिकवणी घेत होतो, एकही विद्यार्थी नाही. मी ईमेलनं कळवलं तरी एप्रिलचा हप्ता खात्याला लागला, परत गेला आणि चार्ज पडला. ईमेलची प्रत काढून दाखवली तेव्हा परत केला. ती प्रत नसती तर माझ्या बोलण्याला आधारच नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्या सवलतीच्या काळातल्या व्याजावरच्या व्याजाचा फरक सरकारतर्फे जमा झाला, तो मात्र न मागता आला. आमचे तीनशे काही रुपये होते. बायकोनं त्याची संत्रा बर्फी आणली, सहा महिन्यांत पहिल्यांदा गोड.

गोकुळपेठ_गृहिणी

बर्फीचं नाव काढलंत. या वर्षी संत्रा महाग आहे की मलाच वाटून राहिलं?

धंतोली_नर्स

माझा अनुभव क्रेडिट कार्डाचा. आईच्या केमोच्या दिवसांत बिलाची तारीखच लक्षात राहिली नाही, दोन महिने लेट फी. रात्रपाळी संपवून पहाटे कस्टमर केअरला फोन लावला. पहिल्यानं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, सरळ सांगितलं: आई आजारी आहे, पाच वर्षांत एकदाही उशीर केलेला नाही, लेट फी परत करा. एका महिन्याची केली. व्याज नाही केलं. दुसऱ्या महिन्यासाठी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल केली, आईची डिस्चार्ज समरी जोडून. तीही झाली. फोनवरची मुलगी शेवटी म्हणाली, "मॅडम, आईला बरं वाटू दे." मी फोन ठेवून रडले. आई आता नाही.

हिंगणा_रोड

🙏

मानेवाडा_ताई

तुमच्या पहाटेच्या त्या फोनची कल्पना येते हो.

इतवारी_दुकानदार

बँक ऐकतच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, घाबरायचं काही नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर टाकायची. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ ला फोन. मी संविधान चौकात रिझर्व्ह बँकेच्या गेटपर्यंत गेलो होतो, तिथं समजलं की घरबसल्या मोबाइलवरून होते. टाकली आणि बारा दिवसांत बँकेचाच फोन आला, पैसे जमा करतो म्हणून.

नंदनवन_रायडर

काका, अर्ज कसा लिहू? मराठीत चालते का? इंग्रजी जमत नाही तेवढी.

निवृत्त_कॅशियर

मराठीतच लिही. काउंटरवरचे छापील फॉर्मसुद्धा स्थानिक भाषेत ठेवायचे असा दंडक आहे, तर तुझा अर्ज का चालणार नाही. वर शाखा व्यवस्थापक, शाखेचं नाव. मग खाते क्रमांक. मग असं लिही: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत डेंग्यूनं आजारी होतो, त्या काळात माझं उत्पन्न बंद होतं. त्यामुळे या दोन तारखांना हप्ता परत गेला आणि प्रत्येकी ५९० रुपये, एकूण १,१८० रुपये आकारले गेले. माझी अडचण लक्षात घेऊन ही रक्कम परत करावी ही विनंती." रिपोर्ट जोड. दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि तारीख मारून घे. ती पोच म्हणजे तुझा पुरावा, ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

आणखी दोन कामं. हप्त्याच्या कंपनीला हप्त्याची तारीख तुझ्या पेमेंटनंतरची करायला सांग. आणि बँकेत हे खातं मूलभूत बचत खात्यात बदलून माग, बीएसबीडी म्हणतात. त्याला मिनिमम बॅलन्स लागत नाही. महिन्यात किमान चार वेळा फुकट पैसे काढता येतात, पण त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

नंदनवन_रायडर

उद्याच जातो.

इतवारी_दुकानदार

उद्या चौथा शनिवार आहे बाप्पा, बँक बंद. सोमवारी जा.

गोकुळपेठ_गृहिणी

झेरॉक्स रविवारीच काढून ठेव. सोमवारी बँकेजवळच्या दुकानात लाइट नसते नेहमी.

काटोलची_लेक

मी पण सोमवारी जाते. आईला सांगितलं. ती म्हणाली, बाबांचं घड्याळ घालून जा.

नंदनवन_रायडर

दिला अर्ज. काउंटरवर म्हणाले ठेवून जा. मी म्हटलं पोच पाहिजे, मग आत पाठवलं. साहेबांनी रिपोर्ट पाहिला आणि वर पाठवतो म्हणाले, चार दिवसांनी या. शिक्का मिळाला. हप्त्याची तारीख १२ करून दिली कंपनीनं. पैसे अजून आले नाही. माझ्या मागं एक मावशी होती, तिचे ३५४ कापले होते. तिनं माझ्या अर्जाचा फोटो घेतला, आता नात लिहून देईल म्हणाली.

मानेवाडा_ताई

शाब्बास रे. शुक्रवारी आठवणीनं जा. आणि प्लेटलेट्सचं सांगितलंच नाहीस.

नंदनवन_रायडर

१ लाख ४० ताई. उद्यापासून अर्धा दिवस गाडी काढतो.