जुन्या पीएस२ (प्लेस्टेशन २ गेम कन्सोल) मध्ये आतून एलईडी लावायचीय, ५ व्होल्ट कुठून घेऊ?

जाड मॉडेल आहे, जाळीतून निळा उजेड दिसला पाहिजे एवढंच. सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं. थेट जोडली तर चालेल का?

रेट्रोवेडा: थेट अजिबात नको रे, उडेल. यूएसबी पोर्टच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घे, एलईडीचा उणे पाय ग्राउंडला, आणि मधे रेझिस्टर (करंट मर्यादित ठेवणारा भाग) हवाच. निळी एलईडी साधारण ३ व्होल्ट घेते, उरले २, म्हणजे २२० ओहम टाकलास की ९ मिलिअँपिअर जातात आणि तेवढा उजेड भरपूर होतो, उगाच दिवाळी करू नकोस. दोन लावायच्या तर प्रत्येकीला वेगळा रेझिस्टर, आणि सिरीजमध्ये (एकीमागे एक) तर लावूच नको कारण ३ अधिक ३ सहा होतात, ५ व्होल्टवर पेटणारच नाहीत.

तारतंत्र: +१. फक्त जाड मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज राहतो, तिकडे बोट घालू नका. वायर फॅनपासून लांब ठेवा आणि डिस्क ट्रेच्या वाटेत येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता: लाल लावली तर?

रेट्रोवेडा: लाल २ व्होल्टवर चालते, मग ३३० ओहम टाक.