जुना डेस्कटॉप काढून कमी बजेटचा गेमिंग पीसी: तुमचे अनुभव सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बरेच दिवस टाळलेला विषय पुन्हा समोर आला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा आय५-४४६० चौथ्या पिढीचा, चार कोर, चार थ्रेड, डीडीआर३ रॅम. सोबतचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड पास्कल मालिकेतलं, आणि एनव्हिडियाने त्याच महिन्यात पास्कलचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर थांबवले. सुरक्षेपुरते अपडेट तेवढे २०२८ पर्यंत मिळतील.

बिल्डच्या याद्या यूट्यूबवर ढिगाने आहेत, त्या इथे नकोत. जुन्यातलं काय ठेवलंत, काय इच्छा असूनही ठेवता आलं नाही, आणि पैसा कुठे लागू पडला ते लिहा.

सुरुवात मीच करतो. खरेदीआधी एक साधी चाचणी केली. गेमच्या सेटिंग्ज अल्ट्रावरून थेट लोवर आणल्या, रिझोल्यूशनही उतरवलं. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जागचे हलेनात. काम हलकं करूनही वेग वाढत नाही म्हणजे कार्ड आधीच रिकामं बसलेलं होतं, दम प्रोसेसरचा निघत होता. म्हणून आधी आय५-१२४००एफ, नवा मदरबोर्ड आणि रॅम घेतली, कार्ड तेच ठेवलं. (या प्रोसेसरच्या नावातल्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही, त्यामुळे जुनं कार्ड हाताशी असणं कामाला आलं.) सरासरी एफपीएस वाढले ते वाढले, पण मोठा फरक पडला तो गर्दीच्या ठिकाणी बसणाऱ्या झटक्यांत. ते गेलेच. कार्डाचं नंतर बघू.

*

मी नवीन पीसी घेतलाच नाही, चालेल ना?

बी४५० बोर्ड, एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर. पहिल्या पिढीचे रायझनही विंडोज ११ च्या यादीत नाहीत. पण एएम४ सॉकेटची गंमत अशी की २०१७ च्या प्रोसेसरच्या जागी त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) मात्र आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचा. नवा बसवून मग करू म्हटलं तर स्क्रीनच येत नाही.

खरी धाकधूक कूलर काढताना. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटची पकड बेताची. थंड मशीनवर कूलर-प्रोसेसरमधली जुनी पेस्ट गोंदासारखी धरते, कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो. मी आधी गेम लावून मशीन तापवलं, बंद करून वायर काढली, स्क्रू सोडले आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिलो. एकदा कुठेतरी चिकट सुटल्याचं हाताला जाणवतं, तेव्हाच उचलायचा. बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळं जुनंच. बायोसमध्ये एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केलं, विंडोज ११ मुकाट बसलं.

*

वरचे दोघे नशीबवान, कारण त्यांचे डबे असेंबल केलेले. माझा एका मोठ्या कंपनीचा ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप. बेत असा की त्यात आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड टाकू आणि मोकळे होऊ. उघडून पाहिलं तर एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) २४० वॅटचा, त्यातून कार्डाला द्यायला वायरच नाही. ६६०० एकटं १३२ वॅट मागतं, आणि स्लॉटमधून मिळतात जास्तीत जास्त ७५. बरं, एसएमपीएस बदलू, तर बोर्डाचा पॉवर कनेक्टर कंपनीचा स्वतःचा, नेहमीचा २४ पिनी नाही. बोर्ड बदलू, तर कॅबिनेटमधली भोकं जुळत नाहीत आणि पुढच्या पॉवर बटणाची वायरही वेगळीच. एकात एक अशी साखळीच निघाली. शेवटी त्यातून आली फक्त एसएसडी आणि कीबोर्ड-माऊस. असा डबा असेल तर भाग मागवण्याआधी झाकण उघडून बघा.

*

मी गेम खेळत नाही, पण पैसे माझे होते म्हणून लिहिते.

लेकाला कार्ड हवं होतं, बजेटमध्ये बसेना. मग रायझन ५ ५६००जी घेतला, ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच. कार्ड पुढच्या वर्षी. दुकानदाराने १६ जीबीची एकच रॅम लावून दिली, आणि लेक आल्या दिवसापासून कुरकुरत होता की गेम रखडतो. मला वाटलं, कार्डासाठीचा हट्ट आहे. पण त्याचं म्हणणं बरोबर निघालं. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच उसनी घेतं, आणि एकाच स्टिकवर वाट अर्धीच उघडी राहते. १६ ची बदलून ८ च्या दोन आणल्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या. तोच गेम, तीच सेटिंग, आणि पोरगं गप्प! माझं टॅलीही आता पटकन उघडतं, ते मात्र एसएसडीमुळे.

*

५६०० वाल्यांना: एएम४ वर आधीपासून असाल तर ठीक, पण कोऱ्या पाटीवर तो घेऊ नका, असं माझं मत. पुढे जायला रस्ता नाही. मी त्यानंतरचा सॉकेट एएम५ घेतला, रायझन ५ ७६००. रॅम डीडीआर५च लागते आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरी कशी भडकली ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे हे मत प्रत्येकाच्या खिशाला मानवेल असं नाही.

अनुभव सांगायचा तर पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावर डीरॅमचा छोटा दिवा पेटलेला. भाऊ म्हणाला, रॅम गेली, काढ. मी काढू दिली नाही. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःचं टायमिंग जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून मध्येच पॉवर बंद केली की पुन्हा पहिल्यापासून. चहा करून आलो तोवर बायोस समोर. मग तिथे एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करायचं, नाहीतर पैसे मोजलेल्या वेगापेक्षा रॅम कमीवरच चालत राहते.

*

छोटासा प्रतिसाद. स्वस्तात मिळतंय म्हणून जुन्या बोर्डावर आरएक्स ६५०० एक्सटी टाकायचा विचार असेल तर थांबा. मित्राच्या मशीनवर पाहिलंय. मेमरी ४ जीबी, आणि कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड बसतं त्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर निभतं, ३.० वर त्या चार लेनचा वेग अर्धा होतो. कार्डाची मेमरी भरली की सगळी ओढाताण त्याच अरुंद वाटेने. सेकंड हँड १०६० परवडलं. दोन्ही बाजू पाहता मी सेकंड हँड ६६०० शोधेन, विकणाऱ्याकडे ते अर्धा तास लोडवर चालवून बघेन आणि मगच पैसे देईन.

*

हार्डवेअर सगळं नीट, अडलं भलतीकडेच. जुनी विंडोज असलेली एसएसडी तशीच नव्या बोर्डावर लावली, बायोसमध्ये जुन्या पद्धतीचा सीएसएम मोड चालू करून ती उठलीही. पण बॅटलफील्ड ६ हा गेम सिक्युअर बूटशिवाय (बायोसमधली सुरक्षेची सेटिंग) सुरूच होत नाही, आणि सीएसएम चालू असताना सिक्युअर बूट होत नाही. सीएसएम बंद करावा तर ड्राइव्ह दिसेना, कारण डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची, नव्या पद्धतीला जीपीटी मांडणी लागते. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे, डेटा न पुसता डिस्क बदलून देते. बॅकअप घेऊन चालवलं, मग सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू.

लायसन्सचंही विचारून ठेवा. मशीनसोबत आलेली ओईएम विंडोज जुन्या मदरबोर्डाशी बांधलेली असते, रिटेल घेतलेली असेल तरच सोबत नेता येते. माझी ओईएम होती, नवीन घ्यावी लागली. बजेट मांडताना तो आकडा कुणीच धरत नाही.

आणि हो, एसएमपीएस मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणारा) असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. कार्ड किंवा डिस्ककडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिना प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने लावते. प्लग बसतो, आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेत जाऊन हार्ड डिस्क जळते.