सल्ला हवा आहे: मुस्लिम पाहुण्यांची सोय आणि पाण्याची बचत एकाच निवासस्थानात कशी साधावी?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही दोघी बहिणी १४ खोल्यांचे एक लहान पर्यटक निवासस्थान चालवतो. गेल्या काही हंगामांत मुस्लिम कुटुंबे आमच्याकडे अधिक संख्येने येऊ लागली आहेत. त्यांच्याशी बोलताना लक्षात आले की, आम्ही सर्वांचे स्वागत करतो असे म्हणत असलो तरी त्यांच्या दिनक्रमाचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. एक आजी वजू (नमाजापूर्वी हात, तोंड आणि पाय धुणे) करताना बेसिनवर पाय टेकवायला गेल्या आणि ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचल्या. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. पाणी, वीज आणि अन्न यांची नासाडी कमी करण्याचे काम आम्ही दोन वर्षांपासून मनापासून करत आहोत. त्यामुळे असे विचारावेसे वाटते की, हे दोन हेतू एकमेकांच्या आड येतात का, मोजक्या पैशांत आधी काय करावे, आणि प्रमाणपत्र घ्यावे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

मुशाफिर

ओसरीताई, मी स्वतः नमाजी आहे आणि कामानिमित्त वर्षातले बरेच दिवस प्रवासात असतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, हे हेतू एकमेकांच्या आड येत नाहीत. ते आड येतात ते केवळ स्नानगृहाच्या चुकीच्या रचनेमुळे. पैगंबर साहेब एका मुद पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत, आले आहे. मुद हे ओंजळीवरून ठरलेले माप असून ते आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास भरते. याउलट मिनिटाला सहा लिटर पाणी सोडणारा नळ वजूची दोन मिनिटे सलग चालू राहिला तर बारा लिटर पाणी वाहून जाते. प्रत्येक नमाजासाठी नव्याने वजू करावीच लागते असे नाही. पण चौघांच्या कुटुंबाने दिवसातून तीनदा केली तरी हा आकडा जवळजवळ दीडशे लिटरवर जातो. उधळपट्टीला आमच्याकडे इस्राफ म्हणतात आणि कुराणात त्याची स्पष्ट मनाई आहे. म्हणून पाणी जपून वापरा, असे सांगितल्याने कोणत्याही मुस्लिम पाहुण्याला अवघडल्यासारखे वाटणार नाही. अडचण एवढीच असते की, हाताने उघडझाप करायचा नळ ओल्या हातांनी दर वेळी बंद करणे लोकांच्या जिवावर येते.

त्यामुळे सर्वांत आधी तळमजल्यावर वजूसाठी एक बैठी जागा करावी. तिथे गुडघ्याच्या उंचीचा कट्टा, न घसरणारी फरशी, भिंतीला धरायला दांडी आणि दाबल्यावर थोडा वेळ वाहून आपोआप थांबणारा नळ असावा. खोल्यांतल्या नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी) बसवावेत आणि शौचालयांत जेट स्प्रे द्यावा. शौचानंतर पाण्याने स्वच्छता करता येणे ही आमच्यासाठी चैनीची गोष्ट नाही, ती गरज आहे. शिवाय टिश्यू कागदही कमी लागतो. जेट स्प्रेला मात्र स्वतंत्र बंद करण्याची चावी हवी, नाहीतर तो रात्रभर ठिबकत राहतो आणि केलेली बचत वाया जाते.

पाणवठा

मी इमारतींच्या पाणीव्यवस्थेचे काम करतो. मुशाफिर यांच्या सूचनेत एक भर घालतो. वजूच्या जागेचे सांडपाणी शौचालयाच्या वाहिनीला जोडू नका. त्या पाण्यात साबण जवळजवळ नसतो, त्यामुळे जाळी आणि वाळूच्या साध्या गाळणीतून ते बागेला देता येते. ते फार काळ साठवून ठेवू नये, कारण वास येऊ लागतो; शक्यतो त्याच दिवशी वापरून टाकावे. फरशी नव्याने घालणार असाल तर वेगळी वाहिनी टाकण्याचा खर्च त्याच वेळी उरकतो. नंतर तोडफोड करून ती टाकणे अतिशय महाग पडते, आणि ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

नमाजाच्या खोलीत वीज वाचवण्यासाठी हालचाल ओळखणारा सेन्सर लावणार असाल तर त्याची मुदत किमान वीस मिनिटे ठेवावी. नमाजात माणूस बराच वेळ स्थिर असतो आणि मुदत कमी असेल तर दिवे मध्येच जातात. ठरावीक वेळेचा टायमरही उपयोगी नाही, कारण नमाजाच्या वेळा सूर्यावर अवलंबून असल्यामुळे वर्षभर सरकत राहतात.

दिशादर्शक

किब्ल्याची, म्हणजे नमाजात ज्या दिशेला तोंड करतात त्या मक्केतील काबाच्या दिशेची, खूण करताना खोलीत फोनचे होकायंत्र वापरू नये. स्लॅबमधील लोखंडामुळे आणि जवळच्या विद्युत उपकरणांमुळे ते बरेच चुकू शकते. दरवर्षी २७ किंवा २८ मे रोजी सौदी वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास, आणि १५ किंवा १६ जुलै रोजी १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास, सूर्य काबाच्या जवळजवळ थेट माथ्यावर असतो. त्या वेळी जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथे उभ्या काठीची सावली किब्ल्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. गच्चीवर ती रेघ एकदा आखून घ्यावी आणि भिंतींशी होणारा तिचा कोन मोजून तो प्रत्येक खोलीत उतरवावा. खूण छतावर किंवा कपाटाच्या आत केली तर इतर पाहुण्यांनाही तिची अडचण होत नाही.

चूलबोळकी

स्वयंपाकघराविषयी लिहिते, कारण रमजानमध्ये सर्वाधिक नासाडी तिथेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील २८ टक्के वाटा उपाहारगृहे व तत्सम अन्नसेवांचा होता. इफ्तारला सगळे एकाच मिनिटाला उपवास सोडतात, म्हणून यजमान घाबरून बुफे मांडतात आणि निम्मे पदार्थ उरतात. वास्तविक बहुतेक लोक खजूर आणि पाण्याने रोजा सोडून मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज पढतात आणि मगच जेवायला बसतात. मधला हा अवकाश वापरावा. दुपारीच पाहुण्यांची संख्या विचारून घ्यावी, आधी लहान ताटली द्यावी आणि मुख्य जेवण नमाज संपल्यावर गरम वाढावे. सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणासाठी, पहाटे पूर्ण स्वयंपाकघर उघडण्याऐवजी आदल्या रात्री निवडलेला डबा खोलीत ठेवता येतो.

मांसाबाबत पुरवठादाराच्या हलाल प्रमाणपत्राची मुदत तपासावी आणि साठवण, सुऱ्या व भांडी वेगळी ठेवावीत. हे झेपणार नसेल तर केवळ शाकाहारी स्वयंपाक ठेवणे हा प्रामाणिक पर्याय आहे आणि त्याचा पर्यावरणावरील भारही कमी असतो. मात्र प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन आणि पदार्थांत वापरलेली वाइन यांकडे तेव्हाही लक्ष द्यावे लागते.

पाणवठा

प्रमाणपत्राचा प्रश्न राहिला होता. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल ही संस्था शाश्वत पर्यटनाचे निकष ठरवते, पण हॉटेलांना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते काम तिने मान्यता दिलेल्या संस्था करतात. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ग्रीन की ही पर्यावरणपूरक निवासस्थानांसाठीची जुनी आणि परिचित योजना आहे. मुस्लिम प्रवाशांच्या सोयींसाठी मलेशियाचे एमएस २६१०:२०१५ आणि इस्लामी सहकार्य संघटनेशी संलग्न प्रमाणक संस्थेचे ओआयसी/एसएमआयआयसी ९:२०१९ ही प्रमाणके आहेत. माझे मत असे की, आपण आत्ता कोणतेही प्रमाणपत्र घेऊ नये. या प्रमाणकांचा उपयोग तपासणीच्या यादीसारखा करावा आणि ते पैसे फरशीवर व नळांवर खर्च करावेत.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. चादरी आणि टॉवेल रोज बदलू नयेत अशी विनंती आम्ही खोल्यांत लावली आहे. ती नमाजी पाहुण्यांना खटकत असेल का?

मुशाफिर

विनंती खटकत नाही. कारण सांगावे लागणे खटकते. कापडाला काही लागून ते आमच्या दृष्टीने नापाक (नमाजासाठी अशुद्ध) झाले असेल, तर पाहुण्याने मागताच प्रश्न न विचारता बदलून द्यावे, एवढे आपल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे. नमाजासाठी एक स्वच्छ जानमाज (नमाजाची चटई) वेगळी घडी करून ठेवली तर चादर मागण्याची वेळ सहसा येणारच नाही.

ओसरी

आम्ही पुढील महिन्यात वजूची जागा वेगळ्या वाहिनीसह बांधायला घेत आहोत आणि तिच्या नळाला मीटर बसवणार आहोत. तीन महिन्यांचे आकडे इथेच लिहीन. माहितीपत्रकासाठी हा मजकूर कसा वाटतो? ‘सर्व खोल्यांत जेट स्प्रे आणि किब्ल्याची खूण आहे. वजूची बैठी जागा तळमजल्यावर आहे. आमचे स्वयंपाकघर शाकाहारी असून शक्यतो अल्कोहोलयुक्त घटक वापरले जात नाहीत. आमच्याकडे पोहण्याचा तलाव नाही.’

मुशाफिर

मजकूर उत्तम आहे. ‘शक्यतो’ हा एक शब्द तेवढा काढावा. स्वयंपाकघर त्याची हमी देऊ शकत नसेल तर ते संपूर्ण वाक्यच काढावे, आणि कोणता पदार्थ चालेल हे पाहुण्याने विचारल्यावर त्या पदार्थातील घटक त्याला दाखवावेत.