न्यू जर्सीहून अकेडियाला आरव्ही: गूगल मॅप्स पुरेल का?

प्रश्न: मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला जायला २५ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली राहण्याची गाडी) भाड्याने घेतोय. गार्मिनचं आरव्हीसाठीचं जीपीएस डिव्हाइस घ्यावं की अ‍ॅपवर भागेल?

उत्तर १: नुसत्या गूगल मॅप्सवर जाऊ नका, त्यात गाडीची उंची टाकायची सोयच नाही. कनेक्टिकटमध्ये ते मेरिट पार्कवे या रस्त्यावर नेऊ शकतं. तिथे ८ फुटांहून उंच गाडीला बंदी आहे, पूलही बुटके. तुमची गाडी ११-१२ फूट भरेल. एका सहलीसाठी आरव्ही लाइफ अ‍ॅप पुरे. उंची, लांबी, वजन, गाडीत प्रोपेन गॅस आहे का, सगळं भरा. उंची कागदावरची घेऊ नका. जमिनीपासून छतावरच्या एसीच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा, वर ३-४ इंच धरा. नकाशे निघण्याआधीच ऑफलाइन उतरवा.

उत्तर २: वरचेवर जाणार असाल तरच गार्मिन. मोठा स्क्रीन, सिग्नल नसला तरी चालतो. पण नकाशे अपडेट व्हायला बराच वेळ लागतो, आदल्या रात्री लावू नका.

उत्तर ३: आय-२८७, आय-६८४, मग आय-८४ या इंटरस्टेट महामार्गांवरून मार्ग आधीच ठरवून टाका. अकेडियात स्टॅनली ब्रुक रस्त्यावरच्या पुलाखाली उंची १० फूट ४ इंचच आहे. गाडी कॅम्पग्राउंडवर ठेवा, तिथे फिरायला आयलंड एक्सप्लोरर बस फुकट आहे. आणि पुलावरची पाटी अ‍ॅपपेक्षा वेगळं सांगत असेल तर पाटीचंच ऐका.