आरोग्य कर्मचाऱ्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण: 'पुढे' बटणापलीकडचं इंटरॅक्टिव्ह म्हणजे नक्की काय?

कोडकरी:
नमस्कार मंडळी. एका रुग्णालयसमूहाच्या प्रशिक्षण विभागासाठी प्लॅटफॉर्म बांधायचं काम आमच्या छोट्या टीमकडे आलंय. सध्या त्यांच्याकडे मूडल (ऑनलाइन कोर्स चालवणारी प्रणाली, म्हणजे एलएमएस) आहे. त्यात पीडीएफ, लांबलचक व्हिडिओ आणि शेवटी दहा प्रश्न. परिचारिका, तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर, सगळ्यांना एकच माल. नोंदी पाहिल्या तर बहुतेक जण व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये म्यूट करून ठेवतात आणि थेट प्रश्नांवर येतात. उत्तरं एकमेकांना पोचलेली असणार, कारण काहींना दहापैकी दहा मिळवायला मिनिटही लागत नाही.

आता व्यवस्थापनाला 'इंटरॅक्टिव्ह' हवंय. बैठकीत थ्रीडी वॉर्ड, बॅज, गुणतक्ता असं बरंच काही निघालं. मला कोड येतो, पण वॉर्ड मी फक्त भेटीच्या वेळेत पाहिलाय. पहिला विषय ठरलाय तो 'प्रकृती बिघडत चाललेला रुग्ण वेळेत ओळखणे'. सुरुवात कुठून करू? आणि कोर्सची नोंद एलएमएसकडे पाठवायचं जुनं मानक, स्कॉर्म, ठेवू की नव्या एक्सएपीआयकडे जाऊ?

रात्रपाळी:
अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढली, आता नर्सिंगचं प्रशिक्षण बघते. थ्रीडी वॉर्ड राहू द्या हो. वॉर्ड कसा दिसतो ते आम्हाला पाठ आहे. आमचं अडतं ते निर्णयापाशी.

तुमचाच विषय घ्या. यावरचे बहुतेक कोर्स न्यूज-२चा (श्वसन, नाडी, रक्तदाब अशा प्रत्येक मोजणीला गुण देऊन बेरजेवरून धोका ओळखायच्या पद्धतीचा) तक्ता दाखवतात आणि विचारतात, 'श्वसनाचा दर २५ असेल तर किती गुण?' तीन. बरोबर. पुढे. हा तक्ता निरीक्षणांच्या कागदावरच छापलेला असतो, तो पाठ करून घेण्यात काय हशील? त्यापेक्षा एक रुग्ण द्या. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. श्वसन २२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५, वरचा रक्तदाब १०८, नाडी ११२, ताप ३८.४ सेल्सिअस. जागा आहे, नीट बोलतोय, 'जरा बरं वाटत नाही' एवढंच म्हणतोय. यातला एकही आकडा एकटा घाबरवत नाही, कुठल्याच रकान्यात तीन गुण नाहीत. पण बेरीज करा: २, १, १, २ आणि तापाचा १. सात! सातला तातडीचा प्रतिसाद लागतो. ही केस मी वर्गात ठेवते तेव्हा मुरलेली माणसंसुद्धा आधी पॅरासिटामॉल म्हणतात.

आता हे स्क्रीनवर कसं आणायचं? आकडे आयते देऊ नका. श्वसनाचा दर हा वॉर्डात सगळ्यात जास्त अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडा. छाती वरखाली होताना दिसेल असा पूर्ण मिनिटाचा व्हिडिओ लावा, मोजायला लावा, आकडा भरून घ्या. ज्याने न मोजता १८ टाकलं त्याची बेरीज पाचवर थांबेल, आणि त्याचा रुग्ण तिथूनच वेगळ्या वाटेने जाईल.

'चूक' असं लाल अक्षरात लगेच सांगण्याचा मोह आवरा. वॉर्डात असं कुणी सांगत नाही. पॅरासिटामॉल देऊन 'चार तासांनी पुन्हा बघू' निवडलं, तर केसमधलं घड्याळ चार तास पुढे न्या. ताप ३७.४ दाखवा. तो खरंच उतरतो, म्हणूनच माणूस फसतो. बाकी मात्र श्वसन २६, सॅच्युरेशन ९३, रक्तदाब ९६, नाडी १२४, आणि रुग्णाला आपण कुठे आहोत ते आठवत नाही. बेरीज बारा. इथे मागे जायचं बटण नको. आता यातून रुग्णाला बाहेर काढा, मग शेवटी कुठल्या वळणावर काय हुकलं ते शांतपणे दाखवा.

'डॉक्टरांना फोन करा' हा नुसता पर्याय ठेवू नका, फोन करायलाच लावा. मायक्रोफोनवर अर्धं मिनिट बोलायचं, मग स्वतःचं आणि एक नमुन्याचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकायचं. एसबीएआर (परिस्थिती, पूर्वेतिहास, मूल्यमापन, शिफारस या क्रमाने सांगायची पद्धत) सगळ्यांना येतं असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात परिस्थिती सांगतात, पूर्वेतिहास सांगतात, शेवटची शिफारस गळते. 'सर, जमलं तर बघून जा' ही शिफारस नव्हे. 'मला सेप्सिसची शंका आहे, तुम्ही आत्ता यायला हवं, तोवर रक्ताचे कल्चर पाठवू का?' ही शिफारस. (सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद.) हे पर्यायांतून निवडता येणं वेगळं आणि रात्री तीन वाजता वरिष्ठांना तोंडाने म्हणता येणं वेगळं.

चुकीचे पर्यायही टेबलावर बसून रचू नका. वॉर्डच्या सिस्टरांना विचारा की नवीन माणसं इथे नेमकं काय करतात. तेच तुमचे पर्याय. (आणि सगळे एका लांबीचे ठेवा. सगळ्यात लांब तो बरोबर, हे आम्ही परीक्षा देऊन देऊन शिकलोय.) गुणतक्त्याबद्दल म्हणाल तर, लोक पहिल्या नंबरासाठी उत्तरं पाठवतील. म्हणजे आत्ता चाललंय तेच, फक्त हौसेने.

आणखी एक. पाळीवर सलग दहा मिनिटं मिळतील असं धरू नका. मधेच बेल वाजते. परत आल्यावर तोच रुग्ण, तोच क्षण समोर हवा.

पॅकेटवाला:
वरच्या शेवटच्या ओळीवरच स्कॉर्मचा जीव निघतो. स्कॉर्म १.२ मध्ये अर्धवट स्थिती साठवायला जी जागा मिळते ती ४,०९६ अक्षरांची. दहा प्रश्नांना भरपूर. फाटे फुटणारी केस, प्रत्येक निर्णय, भरलेले आकडे असा सगळा इतिहास तिथे कोंबलात की ती संपते, आणि काही एलएमएस चूक न दाखवता उरलेलं कापून टाकतात. माणूस परत येतो तर केस पहिल्यापासून. स्कॉर्म २००४च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मर्यादा ६४,००० आहे, पण तुमचं एलएमएस ती आवृत्ती नीट चालवतं का ते आधी पाहा.

मी म्हणेन, बाहेरून स्कॉर्मचं पातळ वेष्टन ठेवा, म्हणजे 'पूर्ण झालं' ही नोंद मूडलमध्ये दिसत राहील. आतली खरी नोंद एक्सएपीआयने वेगळ्या रेकॉर्ड स्टोअरला पाठवा. कुणी, काय केलं, कशावर, अशी छोटी वाक्यं असतात. 'श्वसन मोजलं, १८ भरलं, व्हिडिओ अकराव्या सेकंदाला थांबवला' हे त्यात बसतं. स्कॉर्ममध्ये ते ओढूनताणून बसवावं लागतं.

नेटवर्क तुटेल हे धरूनच चाला. वाक्यं ब्राउझरमध्येच रांगेत ठेवा आणि प्रत्येकाला तिथेच यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळखक्रमांक) द्या, म्हणजे दोनदा गेलं तरी दोनदा नोंदलं जाणार नाही. घटना घडल्याची वेळ आणि सर्व्हरला पोचल्याची वेळ एक्सएपीआयमध्ये वेगळ्या असतात, त्या एक करू नका. सफारी ब्राउझरपासून जपा. सफारीच्या वापराच्या सात दिवसांत साइटला हात लागला नाही तर २०२० पासून ते स्क्रिप्टने साठवलेला डेटा पुसतं. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब अ‍ॅपला यातून सूट आहे. सुट्टीवरून आलेल्या माणसाची प्रगती गायब झाली की तक्रार तुमच्याकडेच येणार.

वॉर्डातला संगणक सामाईक असतो, हेही लक्षात घ्या. सत्र उघडं राहिलं तर एकीचा कोर्स दुसरी पूर्ण करते. थोडा वेळ हालचाल नसेल तर स्क्रीन झाका आणि छोट्या पिनने परत उघडा. पूर्ण पासवर्ड मागितलात की तो मॉनिटरला चिकटवलेला सापडेल.

स्टेथो:
रात्रपाळी यांच्याशी बव्हंशी सहमत, पण थोडा विरोधी सूर लावतो. सगळंच इंटरॅक्टिव्ह करू नका. नवीन इन्फ्युजन पंपाचा (शिरेतून औषध ठरल्या गतीने देणाऱ्या यंत्राचा) अलार्म कसा बंद करायचा यासाठी मला केस नको, एक पान हवं, तेही शोधलं की लगेच सापडणारं. कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात ऑनलाइन प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. काहीच प्रशिक्षण न देण्याच्या तुलनेत ऑनलाइन शिक्षणाचा परिणाम मोठा दिसला. इतर पद्धतींच्या तुलनेत फरक सरासरीने किरकोळ. त्यामुळे 'ऑनलाइन आहे म्हणून चांगलं' असं कुणी बैठकीत म्हणालं तर मान डोलावू नका.

तुमच्या यादीत पुढे सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) असणार, म्हणून सांगतो. छाती दाबण्याची गती मिनिटाला १०० ते १२०, ती स्क्रीनवर बोट आपटून शिकवता येते. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ती काचेवर कशी शिकवणार? त्याला मॅनिकिनच (सरावाचा पुतळा) लागतं. वैद्यकीय कौशल्य मोजण्यासाठी मिलरने १९९० मध्ये जो पिरॅमिड मांडला त्यात माहीत असणं, कसं करायचं हे माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं असे चार थर आहेत. तुमचा प्लॅटफॉर्म खालचे दोन नीट सांभाळेल, तिसऱ्याला थोडाफार हात लावेल. प्रमाणपत्रावर तसंच लिहा. 'सीपीआर येतं' असं लिहू नका.

आणि प्रत्येक केसवर मालकाचं नाव आणि पुनरावलोकनाची तारीख सक्तीची करा, डेटाबेसच्या पातळीवर. २०१० मध्ये सीपीआरचा क्रम बदलला, श्वासमार्गाआधी छाती दाबणं आलं. २०२१ मध्ये सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी शॉक (रक्ताभिसरण कोलमडून रक्तदाब धोकादायक खाली जाणं) असलेला आणि नसलेला रुग्ण वेगळा काढला: शॉकमध्ये अँटिबायोटिक तासाभरात, शॉक नसेल आणि निदान नक्की नसेल तर झटपट तपासणी करून, शंका टिकली तर तीन तासांत. जुना कोर्स आपोआप बंद होत नाही, तो हिरवी टिकमार्क देत राहतो. तारीख उलटली की केस लपली पाहिजे. मालक ओरडेल, ओरडू दे.

कोडकरी:
खूपच मोलाचं. थ्रीडी कापलं. दोन शंका उरल्या. केसमध्ये उलटी मोजणी करणारा टायमर दाखवू का? आणि श्वसन मोजायचा व्हिडिओ आणायचा कुठून, खऱ्या रुग्णाचा घ्यावा का?

रात्रपाळी:
टायमर नको. खाटेवर टायमर नसतो, आणि तो दिसला की लोक रुग्ण सोडून त्याच्याकडे बघतात. वेळ मागे मोजा, शेवटी दाखवा.

खरा रुग्ण अजिबात नको. कर्मचाऱ्यांपैकीच कुणालातरी झोपवा. मिनिटाला २२ श्वास घ्यायला सराव लागतो, त्याच्या कानात मेट्रोनोम द्या. त्याचीही लेखी संमती घ्या, नोकरी सोडल्यावर व्हिडिओ काढायचा की ठेवायचा हे त्यातच लिहा. चित्रीकरण रिकाम्या खोलीत करा आणि मागे काय दिसतंय ते बघा: मॉनिटरवरचं नाव, खाटेची पाटी, फळ्यावरची यादी. चेहरा धूसर करताना लोक या गोष्टी विसरतात. फाइलमधला ठिकाण-वेळेचा मेटाडेटाही काढा. आणि आवाज ठेवलात तर खाली मजकूर द्याच, वॉर्डातल्या संगणकाला स्पीकर असेलच असं नाही.

पहिली केस झाली की लिंक इथे टाका. आमच्या रात्रीच्या मुलींना फोडायला देते.