मदत हवी आहे: एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या जोडस्तंभालेखात तालुकानिहाय टक्केवारी कशी दाखवावी?

नमस्कार. खानापूर, बेळगाव आणि निपाणी या तालुक्यांतील शेतकऱ्यांना मुख्य पीक विचारून मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी सर्वेक्षण केले आहे. काही प्रश्नावल्या मराठीत, तर काही कन्नडमध्ये भरल्या गेल्यामुळे भात, ऊस आणि तंबाखू यांना १, २, ३ असे संकेतांक दिले आहेत. खानापुरातील उत्तरदाते निपाणीच्या दुप्पट आहेत (तिकडची बस सोयीची होती, दुसरे कारण नाही), त्यामुळे नुसती संख्या दाखवली तर खानापूरचे स्तंभ विनाकारण उंच दिसतात. आणि टक्केवारी घेतली, तर निपाणीच्या तिन्ही स्तंभांची बेरीज जेमतेम २० भरते. मार्गदर्शक मॅडमनी छापील प्रतीवर निपाणीच्या तंबाखूच्या स्तंभाभोवती लाल वर्तुळ काढून "कशाचे टक्के?" एवढेच लिहिले आहे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून आर या संगणकभाषेत जीजीप्लॉट हे आलेख काढण्याचे पॅकेज वापरून पाहिले, तर तेथे सगळेच स्तंभ १०० टक्क्यांवर ताठ उभे राहिले. नेमके काय चुकते आहे?

उत्तर:
मॅडमनी नेमके बोट ठेवले आहे. एसपीएसएसमधील आलेख काढण्याची सोय, म्हणजे चार्ट बिल्डर, आपणहून सर्व उत्तरदात्यांची एकूण संख्या छेदात घेतो. समजा, ३०० पैकी ६० जण निपाणीचे आणि त्यांतील ४५ तंबाखूवाले असतील, तर स्तंभ १५ टक्के दाखवील. आपल्याला हवे आहेत ७५. 'एलिमेंट प्रॉपर्टीज'मध्ये 'स्टॅटिस्टिक' म्हणून 'पर्सेंटेज' निवडल्यावर शेजारचे 'सेट पॅरामीटर्स' उघडून 'ग्रँड टोटल'ऐवजी 'टोटल फॉर ईच एक्स-अ‍ॅक्सिस कॅटेगरी' घ्यावे. मात्र एक्स-अक्षावर तालुका आणि रंगासाठी पीक अशीच मांडणी हवी. संकेतांक आकडी असल्याने 'व्हेरिएबल व्ह्यू'मध्ये दोन्ही चलांचे 'मेझर' 'नॉमिनल' (म्हणजे आकडे केवळ गटांची नावे) आहे ना, हे आधी पाहावे. आरमध्ये तालुका आणि पीक यांची प्रत्येक जोडी स्वतंत्र गट धरली जाते, म्हणून प्रत्येक स्तंभ स्वतःच्याच १०० टक्के ठरतो. तेथे टक्केवारी आधी तक्त्यात काढून मगच आलेखाला द्यावी. ताळा करायला एसपीएसएसच्या क्रॉसटॅब्समध्ये (दोन चलांच्या संयुक्त तक्त्यात) तालुका ओळींत ठेवून 'रो' टक्केवारी मागावी. आलेखाखाली प्रत्येक तालुक्यातील उत्तरदात्यांची संख्याही लिहावी, नाहीतर मॅडमचा पुढचा प्रश्न तोच असेल.

प्रश्नकर्ती:
जमले, आभारी आहे. 'मेझर' खरोखरच 'स्केल' (म्हणजे मोजमापाचे आकडे) राहिले होते. बेळगावची बेरीज तेवढी १००.१ येते, पण ती एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकन केल्यामुळे, हे क्रॉसटॅब्समधील मूळ संख्या पाहून लक्षात आले.