वर्षभर मैफिली ऐकल्या, लक्षात काय राहिलं?

खर्ज_कोथरूड:
मंडळी, परवा कपाट आवरताना बिस्किटाच्या डब्यात वर्षभराची तिकिटं सापडली, मोजली तर १९, शिवाय सवाई गंधर्व महोत्सवाचा (आपलं सवाई) सीझन पास वेगळा आणि दिवाळी पहाट तर धरलीच नाहीये. बालगंधर्व, टिळक स्मारक, यशवंतराव, वसंतोत्सव, भाचीच्या हट्टापायी एक रॉकवाला प्रकार पण झाला. बायको म्हणे एवढ्या पैशात फ्रिज आला असता (आला असता खरंच).

पण गंमत अशी की तिकिटावरची तारीख वाचूनही निम्म्या वेळी कोण काय गायलं ते आठवेना. आठवतं ते भलतंच. एका छोट्या हॉलमध्ये मारवा राग होता, त्यात पंचम (प) नाही म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादावर (नी) लावलेली, पण जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, काही जमेना, नुसती थडथड. मग गायिकेने स्वतः वाकून घोडीवरचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखालचा दोरा नखाने किंचित पुढे सरकवला आणि ती तार अशी काही बोलायला लागली की मागून कुणीतरी "आहाहा" केलं, गाणं सुरू व्हायच्या आधीच! पुढचा तासभराचा मारवा मात्र धूसर.

तर प्रश्न असा, पुढच्या वर्षी कमी कार्यक्रम करावेत का? तुम्ही लोक काही लिहून ठेवता का?

रमणबागवाला:
१९ म्हणजे अजीर्णच हो. मी रमणबागेत रात्रभर सवाई ऐकलेला माणूस, सतरंजी, शाल आणि थर्मास घेऊन. पहाटे डोळ्यांवर झापड असताना कानावर पडलेला ललत राग अजून आठवतो कारण वेळच तशी होती. आता सवाई मुकुंदनगरला असतं, तिथे सोयी चांगल्या आहेत, स्वारगेटपर्यंत मेट्रो पण झाली, पण रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायच्या नियमामुळे मध्यरात्रीचे राग त्यांच्या वेळेला मिळत नाहीत, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते तेवढंच. कलाकार तरी काय करणार, घड्याळाकडे बघत दरबारी गायचा का? आणि शेवटच्या दिवशी गायिका प्रभाताई अत्रे सांगता करायच्या, त्या जानेवारी २०२४ ला गेल्या, तेव्हापासून मला शेवटचा दिवस रिकामा वाटतो.

बेसलाईन:
भाचीच्या बाजूने बोलतो, रॉकवाला प्रकार काय काका? वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल २०१० मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाला, आम्ही कॉलेजात असताना त्याच्यासाठी महिनाभर मेसचे पैसे वाचवायचो. पण यावर्षी शहराबाहेरच्या एका ग्राउंडवर गेलो होतो, दोन तास ट्रॅफिक, पार्किंगमध्ये चिखल आणि पुढे बघावं तर नुसते वर केलेले मोबाईल. मी पण केला, खोटं कशाला बोलू. ते व्हिडिओ आजपर्यंत एकदाही उघडून बघितले नाहीत. सल्ला एकच, इअरप्लग घेऊन जात जा, दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत नाही.

डेक्कन_ताई:
मी लिहिते, वहीत. फक्त राग, ताल आणि एखादी ओळ, जास्त नाही. मध्यंतरात चहाच्या रांगेत उभी राहून लिहायचं, घरी गेल्यावर जमत नाही. पण खर्ज, तुमचा दोऱ्याचा किस्सा वाचून वाटलं की तुमचं लक्ष होतं की चांगलं! लांबून स्क्रीनवर तो दोरा दिसला असता का? माझं मत, मोठे कार्यक्रम निम्मे करा आणि ३०-४० माणसांच्या घरगुती बैठकांना जा. माईक नसतो, तबलेवाल्याचा श्वास पण ऐकू येतो. फक्त उशिरा जाऊ नका, सगळे वळून बघतात 😄

खर्ज_कोथरूड:
ताई, पटलं. वही कालच आणली. रमणबागवाले, सवाई संपताना सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लावतात तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळता गुंडाळता थांबतात, ते मात्र दर वर्षी लक्षात राहतं बरं का. बेसलाईन, इअरप्लग भाचीकडून मागवलेत.

नवशिकी_साधना:
थोडं अवांतर, माफ करा. दोऱ्यावरून आठवलं, माझ्या तानपुऱ्याची जवारी पार गेलीये, दोरा कुठेही सरकवला तरी तार दबल्यासारखीच वाजते. तानपुरे बनवणाऱ्यांकडे मिरजेला पाठवायचा म्हणजे भोपळा फुटायची भीती. पुण्यात जवारी काढून देणारं कुणी आहे का?

डेक्कन_ताई:
आहेत एक, पेठेत. व्यनि (खाजगी निरोप) करते. तारा उतरवून नेऊ नका, तशाच राहू द्या, त्यांना आधी वाजवून बघायचं असतं.